लालपरीवरचा मळ खरा, की वॉशचा?

मागच्या काही लेखांत आपण लिटरेचर रिव्ह्यू, सिनॉप्सिस, गाइड कसा शोधायचा वगैरे बोललो. पेट आणि नेटवाल्यांचे प्रश्न अजून पडून आहेत, ते पुढच्या वेळी घेते. आज एका एसटीबद्दल लिहायचंय. खऱ्या नाही, ३४ सेंटिमीटरच्या.

माझा मामेभाऊ नालासोपाऱ्याला राहतो. नोकरी करून रात्री मॉडेलं बनवतो. यंदा त्याच्या घरच्या गणपतीला देखावा होता अर्नाळ्याच्या एसटी स्टँडचा. मागे नारळाची झाडं, बाजूला मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, आणि मधोमध १:३२ प्रमाणातली लालपरी. सनबोर्ड, कार्डशीट, तारा, जुन्या पेनाची रिफिल, सगळं घरचं सामान. देखावा बघायला येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर थांबत होता आणि तेच एक वाक्य बोलत होता, "अगदी खरी वाटते रे!" मीसुद्धा तेच म्हटलं. मग घरी येताना विरारच्या रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं, खरी वाटते म्हणजे नक्की काय वाटतं? त्याचंच हे परीक्षण. दादाने हे छापायच्या आधी वाचलंय, दोन ठिकाणी माझ्याशी भांडलाय, आणि "लिही, पण फोटो टाकू नकोस" या अटीवर परवानगी दिलीय.

आधी ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मॉडेल रंगवून झालं की ते फार स्वच्छ, खेळण्यासारखं दिसतं. म्हणून दोन गोष्टी करतात. पहिली वॉश. गडद रंग भरपूर टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करायचा की जवळजवळ गढूळ पाणीच व्हावं, आणि तो मॉडेलवर ब्रशने सोडायचा. तो आपोआप पळत जाऊन खाचाखोचांत बसतो, उरलेला पुसून घ्यायचा. दादा कॅमलच्या ऑइल कलरची ट्यूब आणि हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरतो, बाहेरून मागवलेल्या बाटल्या परवडत नाहीत. दुसरी गोष्ट मॅट वॉर्निश. शेवटी सगळ्यावर एक चमक मारणारा स्प्रे द्यायचा, म्हणजे प्लास्टिकपणा जातो. या दोन गोष्टींनी मॉडेल "जिवंत" होतं असं सगळे म्हणतात. माझं भांडण या दोन गोष्टींशीच आहे.

गाडीत जे उत्तम आहे ते आधी सांगते, कारण ते खरोखर उत्तम आहे. प्रमाण अचूक आहे. खिडक्यांच्या वरची पट्टी आणि टपाचा गोलावा यांचं नातं बहुतेक लोक चुकवतात, दादाने नाही चुकवलं. नंबरप्लेट एमएच १४ ने सुरू होते. अर्नाळ्याच्या गाडीला ठाणे-पालघरचा नंबर नको का, असं एका काकांनी विचारलं, तर दादा शांतपणे म्हणाला, "बॉडी दापोडीच्या वर्कशॉपला बांधलीय काका." बरोबर आहे. एसटीच्या गाड्यांची नोंदणी बऱ्याचदा जिथे बांधणी झाली तिथली असते, म्हणून पालघर जिल्ह्यात एमएच १४ दिसते. मागच्या शिडीची एक पायरी किंचित वाकलेली आहे. ती मुद्दाम वाकवलेली आहे. हे सगळं बघून केलेलं काम आहे.

आणि मग वॉश येतो, आणि बघणं थांबतं.

गाडीच्या अंगावर पत्र्यांचे जोड आहेत, रिव्हेट आहेत, खिडक्यांच्या चौकटी आहेत. प्रत्येक जोडात, प्रत्येक रिव्हेटभोवती, प्रत्येक चौकटीच्या चारही बाजूंना सारखाच काळपट-तपकिरी मळ. सारखाच, हा शब्द लक्षात ठेवा. खिडकीच्या खालच्या कडेला जेवढा, वरच्या कडेलाही तेवढाच. पुढे जेवढा, मागे तेवढाच. टपाच्या जोडात जेवढा, चाकाजवळच्या पत्र्यावरही तेवढाच. अर्नाळ्याची एसटी जिने रोज पकडलीय तिला हे खटकायला हवं होतं. मला पहिल्या दिवशी नाही खटकलं, कारण परिणाम देखणा होता.

असं का होतं, यात फिजिक्स आहे आणि ते सोपं आहे. द्रवाला दोन शक्ती ओढत असतात, गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण. कोणाचं चालेल ते आकारावर ठरतं. प्रत्येक द्रवाची एक लांबी असते, तिच्यापेक्षा लहान जागेत पृष्ठताण जिंकतो, मोठ्या जागेत गुरुत्वाकर्षण. पाण्यासाठी ही लांबी साधारण २.७ मिलिमीटर, टर्पेंटाइनसाठी पावणेदोनच्या आसपास. दादाने पत्र्याचा जोड ब्लेडने कोरलाय, रुंदी अर्धा मिलिमीटर. म्हणजे त्या खोबणीत टर्पेंटाइनला वरखाली कळतच नाही. केशाकर्षणाने ते जिथे खोबण दिसेल तिथे शिरतं. वर असो, खाली असो, आडवी असो.

खऱ्या गाडीवर उलटं. खिडकीखालची पट्टी दीड-दोन सेंटिमीटर बाहेर आलेली असते. तिथे पाणी गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं. पट्टीवर धूळ बसते, पाऊस ती धूळ घेऊन खाली ओघळतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून खाली एक निमुळती रेघ सोडतो. म्हणजे खऱ्या मळाला दिशा असते, आणि वॉशला नसते. माप ३२ पटीने लहान केलं, पण टर्पेंटाइनचा पृष्ठताण ३२ पटीने लहान होत नाही ना! वॉश मळ कुठे साचतो ते दाखवत नाही. खोबण कुठे आहे तेवढंच दाखवतो.

दादाला हे पटेना. म्हणाला, "अगं, मी ब्रश वरून खाली फिरवतो, मग दिशा येणारच." मग आम्ही एक गंमत केली, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी या लेखाचं खरं कारण हीच गंमत आहे. त्याच्याकडे बाजूच्या पत्र्याचे दोन जादा तुकडे होते. दोन्हींना तोच लाल रंग, तेच ग्लॉस. एक सरळ उभा ठेवून वॉश दिला, दुसरा उलटा धरून. सुकल्यावर दोन्ही सरळ करून शेजारी ठेवले. मागे खूण केली होती म्हणून ओळखू आले, नाहीतर कुठला कुठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. (फार पातळ करून फार ओतला तर ओघळतो, ते वेगळं. पण तो तर बिघडलेला वॉश, पुसून टाकायचा.)

ज्या मळाला गाडी उलटी असली तरी फरक पडत नाही, तो मळ गाडीबद्दल काय सांगणार?

ही उलटं करून बघायची युक्ती माझी नाही. ती मी फार महागात शिकलेय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पातळ थर सुकताना त्याला पडणाऱ्या भेगा मोजत होते. काचपट्टी तिरकी ठेवून थर सुकवायचा, मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे, भेगा मोजायच्या. फोटो जरा अंधुक यायचे, म्हणून मी सगळ्यांना कॉन्ट्रास्ट वाढवणारा एक फिल्टर लावला. भेगा खुलून दिसायला लागल्या. अगदी वॉश दिल्यासारख्या. आणि दिसायला लागलं की उताराच्या खालच्या टोकाकडे भेगा जास्त आहेत. चार महिने मोजलं. ग्राफ इतका सुंदर आला होता की मी त्याचा फोनवर वॉलपेपर ठेवला होता, खोटं नाही सांगत. कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट गेलं. मग ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "काचपट्टी १८० अंशात फिरवून फोटो घेतलास का?" नव्हता घेतला. घेतला. भेगा अजूनही फोटोच्या उजवीकडेच जास्त. काचपट्टी फिरली होती, भेगा फिरल्या नव्हत्या. दिवा डावीकडून पडत होता, उजवी बाजू अंधारी होती, आणि माझा फिल्टर अंधाऱ्या बाजूचा कचरा उचलून भेगांसारखा दाखवत होता. सॉफ्टवेअरने तो इमानदारीने मोजला. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतलं, ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

त्यामुळे दादाच्या गाडीचे ते देखणे काळे जोड बघून मला नंतर जे अस्वस्थ वाटलं ते कलेपेक्षा आठवणीमुळे जास्त, हे मान्य करते. परीक्षण करणाऱ्याने आपलं दुखणं कुठे आहे ते सांगून टाकलेलं बरं.

आता रंगाकडे. दादाने वापरलाय बर्न्ट अंबर, थोडा काळा मिसळून. कोमट तपकिरी. का, तर व्हिडिओत तसंच करतात. ही पद्धत आली कुठून ते बघा. १९७०-८०च्या दशकांत बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रश ही जोडी रणगाड्यांच्या मॉडेलांवर लोकप्रिय केली. पुढे स्पॅनिश मंडळींनी ती अजून नाट्यमय केली आणि तयार बाटल्या बाजारात आल्या. आजही त्या बाटल्यांवर जर्मन रणगाडे, आफ्रिकेचं वाळवंट, हिवाळी चिखल असलीच नावं असतात. म्हणजे तो तपकिरी रंग दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपच्या चिखलाचा. तो नालासोपाऱ्यात येऊन अर्नाळ्याच्या एसटीला लागलाय!

आपल्याकडचा मळ कसा आहे, हे आपल्याला डोळे मिटून सांगता यायला हवं. वसईचा चिखल तपकिरी नाही. हायवेला येणारी धूळ बेसाल्टच्या खडीची आणि काँक्रीटची, ती राखाडी. खाडीकडचा गाळ काळपट करडा, सुकला की फिकट पडतो. लाल-तांबडा चिखल बघायचा तर रत्नागिरी-सिंधुदुर्गला जा, तिथे जांभा आहे. तिकडून आलेली गाडी मुंबई सेंट्रलला उभी असली तरी तिच्या खालच्या पत्र्यावरून तुम्ही ओळखू शकता ती कुठून आली. मळ हा गाडीचा प्रवास असतो. तो बाटलीतून घेतला की गाडी कुठूनच आलेली नसते.

आणि गंज. इथे दादाशी सगळ्यात जास्त भांडण झालं. त्याने खिडक्यांखाली आणि मधल्या पत्र्यावर नारिंगी गंजाचे ओघळ काढलेत. फार नाजूक काढलेत, कौतुक वाटतं. पण ही गाडी जुन्या बांधणीची आहे, आणि जुन्या लालपरीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. माइल्ड स्टीलच्या बॉड्या अलीकडच्या. अ‍ॅल्युमिनियम नारिंगी गंजत नाही. अर्नाळ्याच्या खाऱ्या हवेत त्यालाही त्रास होतो, पण त्याची पांढरी भुकटी होते, रंगाखाली फोड येतात. जिथे लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात बसवलाय तिथे दोन धातू आणि खारट ओल मिळून छोटी बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे स्क्रूभोवतीचा पत्रा आधी जातो. नारिंगी हवं तर बंपर, चाकांच्या रिम, शिडी, खालची चौकट. आणि शिडीवर? शिडीवर दादाने गंज दिलाच नव्हता, कारण शिडीला खोबण नाही, वॉश थांबला नाही.

आणखी एक. गाडीची मागची बाजू सगळ्यात स्वच्छ आहे. खरी गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ वळून मागच्याच काचेवर येऊन बसते. म्हणून एसटीची मागची काच कायम मळकी, पोरं तिच्यावर बोटाने नावं लिहितात. देखाव्यात मागची बाजू भिंतीकडे होती, म्हणून दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. हे त्याने लगेच कबूल केलं आणि हसला. मी यावरून त्याचे मार्क कापत नाही. आपण सगळे जर्नलमध्ये जी बाजू दिसणार तीच घासतो.

आता मॅट वॉर्निश. हे प्रकरण मला वॉशपेक्षा जास्त आवडतं, कारण इथे चूक आणि बरोबर यांची फार गुंतागुंत आहे.

मॅट वॉर्निशमध्ये सिलिकाचे बारीक कण असतात. वॉर्निश सुकलं की पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि प्रकाश एका दिशेला परावर्तित व्हायच्याऐवजी सगळीकडे विखुरतो. याचा एक परिणाम असा की गडद रंग फिके दिसतात. गणित ढोबळ आहे पण करून बघा. वॉर्निशच्या पृष्ठभागावरून, अपवर्तनांक १.५ धरला तर, समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग आत न शिरताच परत येतो. चकचकीत पृष्ठभागावर हे ४ टक्के एकाच दिशेला जातात, तुम्ही मान जरा कलती केली की ते डोळ्यात येत नाहीत. मॅटवर ते सगळीकडे पसरतात, म्हणजे कुठूनही बघा, थोडे डोळ्यात येणारच. समजा वॉशची रेघ १ टक्का प्रकाश परत देते आणि लाल रंग २० टक्के. चकचकीत असताना प्रमाण एकास वीस. मॅट दिल्यावर पाचास चोवीस, म्हणजे साधारण एकास पाच. चार पट कॉन्ट्रास्ट गेला, आणि तुम्ही रंगाला हातही लावलेला नाही.

दादाचं नेमकं हेच झालं, आणि मला ते त्याने न सांगता गाडीवरून कळलं. चाकावरच्या पत्र्यावर, खोबणीपासून लांब, सपाट जागेवर वाळूत भरती ओसरल्यावर राहते तशी गोलसर रेघ आहे. ग्लॉसवर वॉश दिला तर अशी रेघ सहसा राहत नाही, जादाचा पुसून निघतो. ती राहते मॅटवर. खडबडीत पृष्ठभागावर ओला करणारा द्रव जास्तच पसरतो. वेन्झेलने १९३६ मध्ये याचं साधं सूत्र दिलंय, पृष्ठभागांवर काम करणार असाल तर ते तुम्हाला पहिल्या महिन्यात भेटेल. पसरलेला थेंब कडेने आधी सुकतो, रंग कडेला ओढला जातो, रेघ उरते. चहाच्या कपाचा डाग पडतो तशीच. म्हणजे क्रम असा झाला असणार, ग्लॉस, वॉश, मॅट, मग "अरे, वॉश गेला कुठे?", आणि घाईत मॅटवरच दुसरा वॉश. विचारलं. दादा म्हणाला, "गणपती तीन दिवसांवर आले होते गं."

यावर माझं मत असं की तो दुसरा वॉश या गाडीवरची सगळ्यात मोठी चूक आहे, बर्न्ट अंबर आणि गंजापेक्षाही मोठी. बाकीच्या चुका माहितीच्या आहेत. ही चूक म्हणजे मोजमापाची अट बदलली आणि आपण मात्र वस्तू बदलली असं समजून वस्तूच दुरुस्त करायला गेलो. वॉश गेला नव्हता. बघण्याची रीत बदलली होती. वॉशचा निकाल शेवटचा थर दिल्यावरच लागतो, म्हणून आधी एका तुकड्यावर शेवटपर्यंत सगळं करून बघायचं असतं. हे दादाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, फिल्टर लावायच्या आधी.

मॅटवर माझा दुसरा आक्षेप तो सगळीकडे सारखा आहे हाच. जुनी लालपरी खरंच मॅट असते, पण जिथे तिथे नाही. टपावर आणि उन्हाच्या बाजूला रंगातलं बाइंडर उन्हाने जळतं, रंगद्रव्याची पूड मोकळी होते. हात फिरवलात तर बोटांना लाल खडू लागतो. पण दाराजवळचा दांडा? तो हजारो हातांनी घासून आरशासारखा झालेला असतो. दाराच्या कडेचा पत्रा, जिथे कंडक्टर पाठ टेकतो. फूटबोर्डाची कड. खिडकीच्या गजाचा मधला भाग. या जागा चमकतात, आणि त्या चमकेत गाडीचं सगळं आयुष्य असतं. विरार लोकलच्या दाराचा मधला खांब आठवा. त्याला मॅट वॉर्निश मारणाऱ्याने कधी सकाळची ८ ची फास्ट पकडलेली नाही. दादाच्या गाडीचा दांडा भिंतीइतकाच निस्तेज आहे. तिथे ब्रशच्या टोकाने थोडं ग्लॉस लावलं असतं तरी गाडीत माणसं चढली असती. खिडक्यांच्या काचाही स्प्रेखाली धूसर झाल्यात. त्या नंतर बसवायच्या असतात, पण तीन दिवस, वगैरे.

आणि आता टप. टपावर एक पांढुरकी झाक आहे. एकसारखी नाही, मधे दाट, कडेला विरळ, लाल रंग आतून गुलाबी होऊन आलेला. ही संपूर्ण मॉडेलवरची सगळ्यात खरी जागा आहे. जुन्या गाडीचा उन्हाने खडूसारखा झालेला टप अगदी असाच दिसतो. मी दादाला म्हटलं, "हे कसं केलंस?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "केलं नाही. झालं."

भर पावसाळ्यात, खिडकी उघडी ठेवून त्याने स्प्रे मारला होता. स्प्रेमधला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा आपल्याकडच्या श्रावणासारखी ओली असेल तर पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो, ओल्या वॉर्निशवर दव पडतं, आणि ते आत अडकून पांढरं दिसतं. पत्र्याला रंग मारणाऱ्यांना ही कटकट चांगली ठाऊक असते, म्हणून ते पावसात काम टाळतात. म्हणजे गाडीवरचा सगळ्यात खरा भाग अपघाताने आलाय, आणि तोही चुकीच्या कारणाने. ऊन दाखवणारी झाक दमट हवेने केली.

आता परीक्षणात याचं काय करायचं? बघणाऱ्याच्या दृष्टीने टप उत्तम आहे. करणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याचा नाही, कारण पुढच्या गाडीवर त्याला तो परत आणता येणार नाही. मी दोन्ही लिहून ठेवते. तुमच्या प्रयोगात असा बरोबर दिसणारा अपघात झाला तर वहीत त्या दिवशीची खिडकी उघडी होती हेही लिहा. दादाने लिहिलं नव्हतं. आठवलं म्हणून बरं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी वॉशच्या विरोधात आहे. तसं नाही, आणि इथे दादाच्या बाजूनेही बोलायला हवं. तो म्हणतो की वॉश म्हणजे मळ असं कोण म्हणालं, ती सावली आहे. भर उन्हात उभ्या एसटीच्या खिडकीखालच्या पट्टीची सावली धारदार पडते. देखाव्यात मात्र ट्यूबलाइट, वरून एलईडीची माळ, सगळीकडून पसरलेला उजेड. तिथे सावली पडतच नाही, म्हणून ती रंगवावी लागते. हे मला पूर्ण पटतं. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगावर शेडिंग मारतात तेही याच कारणाने, मंडपातल्या दिव्यांत मातीचा गोलावा हरवतो. सावली म्हणून वॉश रास्त आहे. पण मग त्याने सावलीसारखं वागावं. सावलीला उजेडाची बाजू ठरवावी लागते. पट्टीच्या खाली असेल तर वर नसेल. आणि ती तपकिरी नसते, लाल पत्र्यावरची सावली गडद लालच असते. एकच तपकिरी रेघ कोणी विचारलं तर मळ आणि अडचणीत आलं तर सावली, हे नाही चालणार. आणखी एक हिशेब, अर्ध्या मिलिमीटरची रेघ ३२ ने गुणा. १६ मिलिमीटर. पत्र्याच्या जोडात दीड सेंटिमीटरची काळी फट असलेल्या गाडीत मी तरी पावसात बसणार नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं अर्नाळ्याला गेलो. तो वही घेऊन, मी मोबाइल. स्टँडबाहेरच्या रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या, चहा तीनदा झाला. बरंचसं मी वर लिहिलंय तसंच निघालं. ओघळ खालीच होते, मागच्या काचा मळक्या होत्या, चिखल करडा होता. एका गाडीच्या मागच्या काचेवर बोटाने बदाम काढलेला होता.

पण एक गोष्ट माझ्या विरोधात निघाली. काही गाड्यांच्या खिडकीच्या वरच्या कडेला, जिथे काचेभोवतीचं काळं रबर पत्र्याला टेकतं, त्या फटीत हिरवट-काळी रेघ होती. वर. चारही बाजूंना, जवळपास सारखी. अगदी दादाच्या वॉशसारखी. दादाने काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि फोटो काढ म्हणून खूण केली.

रात्री फोटो मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं. रबर आणि पत्र्यामधली फट मिलिमीटरभरच असेल. पाण्याच्या २.७ पेक्षा कमी. म्हणजे तिथे खऱ्या गाडीवरही पृष्ठताणाचंच राज्य, पाणी वरच्या फटीतसुद्धा अडकून राहतं, आणि ओल राहिली की शेवाळ आणि बुरशी धरते. तेवढ्या एका जागी वॉश बरोबर आहे, रंग सोडून. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग वर 'सगळीकडे चूक' असं लिहिलंयस ते खोड." मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाहीये, 'सारखाच' असं लिहिलंय. तर म्हणाला, "तेच ते. आणि हिरवा कुठला वापरू, सॅप ग्रीन चालेल?"

मी फोटो पाठवलाय. रंग तो स्वतः जुळवणार आहे, या वेळी जादा तुकड्यावर, शेवटच्या मॅटपर्यंत.